बंद झालेलं खातं आणि नीट लिहिलेला अर्ज

मैत्रिणींनो, होळी झाली की आपल्या खानदेशातल्या गच्च्या भरू लागतात. कुणाच्या कुरडया, कुणाचे उडदाचे पापड, तर कुणाच्या खाटेवर ओल्या कापडावर थापलेल्या, तीळ-लसणाच्या वासाच्या ज्वारीच्या बिबड्या. पूर्वी हे वाळवण घरापुरतं, फार तर लेकीच्या सासरी धाडण्यापुरतं असायचं. हल्ली पाचोऱ्यासारख्या गावातल्याही कितीतरी जणी मोबाईलवर जाहिरात देऊन ते पुण्या-नाशिकला आणि सुरतेच्या आपल्या माणसांपर्यंत पोहोचवतात. दिवसाला शंभर-दोनशे रुपये जाहिरातीत घालायचे आणि स्वयंपाक उरकून ऑर्डरी लिहून घ्यायच्या. घरबसल्या चार पैसे मिळतात, नाही कशाला म्हणा!

पण या धंद्यात एक खाच आहे. एखाद्या सकाळी मोबाईल उघडावा, तर तिथे लिहिलेलं असतं, 'धोरणांचं उल्लंघन केल्यामुळे आपलं जाहिरात खातं बंद करण्यात आलं आहे.' कोणतं धोरण, कसलं उल्लंघन, काही उमगत नाही. विचारावं तर समोर माणूस नाही. घरात सांगावं तर 'तरी मी म्हणत होतो' हे ऐकावं लागणार. अशा वेळी काय करावं, ते आज जरा सविस्तर पाहू.

आमच्या ओळखीच्या एका वहिनींवर ऐन एप्रिलात हा प्रसंग आला. वाळवणाच्या पैशांतून त्या मुलीच्या शिकवणीची फी भरत होत्या. खातं बंद झालं तसं यजमान म्हणाले, "सोड आता ते मोबाईलचं." सासूबाईंना वाटलं, सुनेनं काही गुन्हाच केला. वहिनींनी रागाच्या भरात लगेच 'मी काहीही चूक केलेली नाही, खातं ताबडतोब चालू करा' असं लिहून पाठवलं. ते परत आलं. मग आम्ही दोघींनी बसून त्यांच्या जुन्या जाहिराती एकेक करून वाचल्या. एका जाहिरातीत लिहिलं होतं, 'शुगर आहे? रोज बिबडी खा, 15 दिवसांत फरक पाहा!' जाहिरात करून देणाऱ्या मुलानं ते वाक्य घातलं होतं. वहिनींनी ते नीट वाचलंसुद्धा नव्हतं.

खातं बंद का होतं?

या जाहिराती आधी यंत्र तपासतं आणि माणसाची पाळी बहुधा नंतर येते. यंत्र शितावरून भाताची परीक्षा करतं, त्यामुळे कधी कधी सुक्याबरोबर ओलंही जळतं. तरी बहुतेक वेळा काहीतरी कारण सापडतंच. आपल्या घरगुती धंद्यात नेहमी आढळणारी कारणं अशी:

रोग बरा करण्याचा दावा. 'मधुमेह जातो', 'आठवड्यात वजन उतरतं', आधीचा जाड आणि नंतरचा बारीक असे फोटो, हे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मेटा कंपनीला चालत नाही. आपल्या कायद्यालाही ते चालत नाही, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. औषध म्हणून मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात करायला 1954 च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने मनाई आहे, आणि खाद्यपदार्थांची दिशाभूल करणारी जाहिरात 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात बसत नाही. त्यासाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

वाचणाऱ्याच्या दुखण्यावर बोट ठेवणं. 'तुम्हाला शुगर आहे का?', 'तुम्ही जाड आहात?' असं थेट विचारलेलं मेटाच्या नियमांत बसत नाही. 'ज्वारीची कुरकुरीत बिबडी, घरच्या लसूण-मिरचीची' असं लिहा. पदार्थाचं वर्णन करा, गिऱ्हाईकाचं नको.

नाव एकाचं, पैसे दुसऱ्याचे. आपल्याकडे खातं वहिनींचं, कार्ड यजमानांचं आणि मोबाईल नंबर भाच्याचा, हे अगदी सर्रास चालतं. घरात त्यात वावगं काही नाही, पण यंत्राला त्यात लबाडीचा वास येतो.

संगतीचा दोष. जाहिराती करून देणारा मुलगा एकाच जागेवरून दहा जणांची खाती चालवत असेल आणि त्यातलं एक लबाड निघालं, तर त्याच्याशी जोडलेली बाकीचीही गोत्यात येऊ शकतात.

आणि ही गोष्ट आपल्या एकटीवर आलेली नाही. गूगलने 2024 या एका वर्षात भारतातली 29 लाख जाहिरात खाती बंद केली. त्यात खरे ठग पुष्कळ असतील. पण खातं बंद होणं म्हणजे आपल्यावर चोरीचा शिक्का नव्हे, एवढं आधी स्वतःला आणि मग घरच्यांना समजावून सांगा.

आधी काय करावं?

पहिल्या दिवशी अर्ज करूच नये. आलेल्या सूचनेचा आणि ई-मेलचा फोटो काढून ठेवा. त्यात नियमाचं नाव दिलेलं असतं, ते वहीत उतरवून घ्या. मेटाच्या बाबतीत 'बिझनेस सपोर्ट होम' या पानावर खात्याची स्थिती दिसते आणि फेरतपासणी मागण्याचं बटण तिथेच असतं. गूगलच्या खात्यात वरच्या बाजूला सूचना येते, तिथूनच अपील करता येतं.

गूगलची शिक्षा एका धाटणीची नसते. गंभीर प्रकारात ते न सांगता खातं बंद करतात. काही ठराविक नियमांच्या बाबतीत मात्र आधी ताकीद, मग पहिल्या ठपक्याला 3 दिवस, दुसऱ्याला 7 दिवस जाहिराती थांबतात आणि तिसऱ्याला खातं बंद होतं. ठपका 90 दिवसांनी पुसला जातो. म्हणून ताकीद आली की तिच्याकडे काणाडोळा करू नका. दूध उतू जाण्याआधीच आच कमी करायची असते.

मग सगळ्या जुन्या जाहिराती वाचा, थांबवलेल्यासुद्धा. दोष सापडला तर ती जाहिरात दुरुस्त करा, खातं तेवढीही मुभा देत नसेल तर काय दुरुस्त करणार ते लिहून ठेवा. आधार किंवा पॅन, खाद्यपदार्थांच्या नोंदणीचा 14 आकडी क्रमांक, कार्ड कुणाचं त्याचा पुरावा आणि घरच्या मालाचे खरे फोटो एका जागी गोळा करा. खात्यावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच आहे ना, तेही पाहा. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव यात आपल्या कितीतरी जणींची गफलत होते.

अर्ज कसा लिहावा?

मुलांना मी शाळेत अर्जलेखन शिकवताना सांगते की अर्जात तीनच गोष्टी असाव्यात: काय झालं, आपण काय केलं, काय हवं. इथेही तेच. रडगाणं नको, धमकी नको, आणि खोटं तर मुळीच नको. नमुना देते:

'मी घरगुती वाळवणाचे पदार्थ तयार करून विकते. माझं जाहिरात खातं अमुक तारखेला बंद झालं. मी सर्व जाहिराती तपासल्या. अमुक जाहिरातीत आरोग्याविषयी दावा करणारं वाक्य होतं, ते नियमात बसत नाही हे माझ्या लक्षात आलं. ती जाहिरात मी काढून टाकली आहे आणि यापुढे असे दावे करणार नाही. पैसे माझ्या पतीच्या कार्डावरून, त्यांच्या संमतीने दिले जातात. ओळखपत्र आणि नोंदणी क्रमांक सोबत जोडला आहे. कृपया फेरतपासणी करावी.'

बस, एवढंच. दोष खरोखर सापडलाच नाही, तर तसंही शांतपणे लिहावं: 'कोणत्या जाहिरातीबद्दल आक्षेप आहे ते कळवावं.' इंग्रजीत लिहायचं असेल तर मुलीची मदत घ्या, पण मजकूर आपणच ठरवा. पाठवण्याआधी त्याची नक्कल काढून ठेवा. आणि एकदा पाठवल्यावर उत्तर येईपर्यंत रोज नवा अर्ज टाकत बसू नका.

हे मात्र करू नका

लगेच दुसऱ्या नावाने नवं खातं उघडू नका. शेजारीण सुचवते, भाचा सुचवतो, पण कंपनी त्याला पळवाट समजते. गूगलच्या नियमांत तर तो गंभीर प्रकार आहे. मूळ खातं सुटण्याची आशा त्यानं कमी होते.

'दोन हजार द्या, आतून खातं सोडवून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि सगळ्यांत मोठं भय पुढेच आहे. 'तुमचं पान 24 तासांत कायमचं बंद होईल, अपील करण्यासाठी इथे दाबा' असे संदेश कंपनीच्या नावानं, तिचं बोधचिन्ह लावून येतात. दाबलं की पासवर्ड मागतात, ओटीपी मागतात. आगीतून निघून फुफाट्यात! खातं खरोखर बंद आहे का, ते संदेशातल्या दुव्यावरून पाहू नका. नेहमीसारखं स्वतः ॲप उघडा आणि तिथे पाहा. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता 1930 या क्रमांकावर फोन करा.

अर्ज फेटाळला तर?

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. भारतात मोठ्या समाजमाध्यमांना असा अधिकारी नेमावाच लागतो. त्याच्या उत्तरानं समाधान झालं नाही, तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समित्यांकडे 30 दिवसांच्या आत दाद मागता येते. या समित्या जानेवारी 2023 मध्ये नेमल्या गेल्या. सगळं काम ऑनलाइन चालतं, दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. म्हणूनच म्हटलं, सूचना, तारखा आणि अर्जाची नक्कल जपून ठेवा.

तरीही हे लक्षात असू द्या की दुकान त्यांचं आहे, आपण त्यांच्या ओट्यावर टोपली घेऊन बसलो आहोत. दुरून संगणक दुरुस्त करून देणाऱ्या व्यावसायिकांनी जाहिरात खात्यांवरून 2014 साली गूगलविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रारी केल्या होत्या. चार वर्षांनी, जुलै 2018 मध्ये, आयोगाने त्या फेटाळल्या. एवढी वर्षं आपल्या पापडांना थांबता येणार आहे का?

वहिनींचा दुसरा अर्ज वरच्या नमुन्यासारखाच होता. आठव्या दिवशी खातं उघडलं. मात्र त्या आठ दिवसांत त्यांना तारलं ते जुन्या वहीनं. दोन वर्षांच्या गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर त्यांनी त्यात लिहून ठेवले होते. त्यांनी एकेकीला फोन केला आणि निम्म्याहून अधिक माल तसाच गेला.

तेव्हा ज्या ज्या मैत्रिणी मोबाईलवर धंदा करतात, त्यांनी आजच शंभर पानी वही आणावी. गिऱ्हाइकाचं नाव, गाव, फोन, काय नेलं आणि काय आवडलं, एवढं लिहावं. महिन्याच्या जाहिरातखर्चाचा हिशेबही त्यातच मांडावा आणि तो घरात मोकळेपणी दाखवावा. लपवलेला धंदा बंद पडला तर रडायलाही एकटंच लागतं. आठवडे बाजार, बचत गटाचं प्रदर्शन, मुंबईचं महालक्ष्मी सरस, अशा वाटाही उघड्या ठेवाव्यात. आणि आपल्या नावानं जाणारी जाहिरात, मग ती कुणीही लिहिलेली असो, आपण स्वतः वाचल्याशिवाय जाऊ देऊ नये. पीठ दुसऱ्यानं मळलं तरी मीठ आपणच चाखून पाहतो ना, तसंच हे.