कातडीवरची चाचणी आणि भलताच आरोप

इंग्लंड-वेल्समधल्या गाईंच्या क्षयरोगाचा वाद निघाला की एक आकडा हमखास पुढे केला जातो. ट्युबरक्युलिन चाचणीत 'रिअॅक्टर' ठरून कत्तलखान्यात गेलेल्या जनावरांपैकी निम्म्याच्या आसपास जनावरांत क्षयाच्या गाठी डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे निम्मी जनावरं निरोगी होती आणि चाचणीने त्यांचा हकनाक बळी घेतला, असं त्यावरून सांगितलं जातं. तुकतुकीत कातडीची, भरल्या कासेची गाय गोठ्यातून जाताना पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी हे आलं तर नवल नाही. त्याचं दुःख खरं आहे. निष्कर्ष मात्र खरा नाही. चाचणीत दोष आहे, पण तो नेमका उलट्या बाजूला आहे, आणि या ओरडीत तोच झाकला जातो.

आधी चाचणी कशी होते ते पाहू. पशुवैद्य गाईच्या मानेवर एकाखाली एक अशा दोन जागी केस कापतो आणि तिथल्या कातडीची घडी कॅलिपरने मोजतो. मग वरच्या जागी पक्ष्यांच्या क्षयजंतूपासून केलेलं ट्युबरक्युलिन, खालच्या जागी गाईंच्या क्षयजंतूपासून केलेलं, प्रत्येकी ०.१ मिलिलिटर, कातडीच्या थरातच टोचतो. ७२ तासांनी पुन्हा माप घेतो. समजा वरची घडी ७ मिलिमीटरची ९ झाली आणि खालची ७ ची १४. वर २ वाढले, खाली ७, फरक ५. फरक ४ च्या वर गेला की गाय रिअॅक्टर. कुरणात, मातीत क्षयजंतूचे निरुपद्रवी भाऊबंद पुष्कळ असतात आणि त्यांच्या संसर्गानेही कातडी सुजते. वरचं इंजेक्शन असतं ते ही सूज वजा करण्यासाठी. निरोगी गाय नाहक अडकू नये, ही काळजी चाचणीच्या रचनेतच आहे.

आता गाठी न दिसण्याचा मुद्दा. ट्युबरक्युलिन ओळखतं ते जंतूविरुद्ध शरीरात जागी झालेली प्रतिकारशक्ती. ती लागण झाल्यावर काही आठवड्यांत जागी होते. डोळ्यांना दिसेल एवढी गाठ तयार व्हायला त्याहून पुष्कळ वेळ लागू शकतो. कत्तलखान्यात तपासणीला मिळतात मोजकी मिनिटं, आणि सुरी चालते ती ठरावीक लसिका ग्रंथींवर. ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ एवढ्या मोठ्या देहात निसटणं अगदी शक्य आहे. म्हणजे जी तपासणी जास्त आंधळी आहे तिच्या साक्षीवरून जास्त डोळस तपासणीला खोटं ठरवलं जातं आहे. याहून भक्कम पुरावा दुसरीकडे आहे. चाचणी निरोगी गाईंना सर्रास दोषी ठरवत असती तर जिथे रोग जवळपास नाही अशा भागांतही रिअॅक्टरांचे ढीग लागले असते, कारण गाय तीच, इंजेक्शनही तेच. तसं होत नाही. ब्रिटनमधल्या नोंदींवरून चाचणीची विशिष्टता ९९.९८ टक्क्यांच्या घरात निघते. म्हणजे निरोगी अशा सुमारे पाच हजार गाईंत एखादीच चुकून अडकते.

हिशेब मांडून पाहा. १०,००० गाईंत १०० बाधित आहेत असं धरा. चाचणीची संवेदनशीलता, म्हणजे बाधितांना पकडण्याची ताकद, सरासरी ८० टक्के धरली तर ८० सापडतात. उरलेल्या ९,९०० निरोगी गाईंपैकी चुकून अडकतात दोन. ८२ रिअॅक्टरांत ८० खरे. रोग दहा हजारांत एखाद्याच गाईला असेल तिथे मात्र चित्र पालटतं, खऱ्यापेक्षा खोटे रिअॅक्टर जास्त निघू शकतात, आणि तिथल्या शेतकऱ्याची फेरतपासणीची मागणी रास्त आहे. पण वाद पेटलेला आहे तो रोगाने ग्रासलेल्या भागांत. 'ही १८९० च्या कॉखच्या ट्युबरक्युलिनची जुनी चाचणी सोडा, रक्ताची नवी गॅमा इंटरफेरॉन चाचणी आणा,' असं म्हणणाऱ्यांनीही हाच हिशेब करावा. ती चाचणी १०० पैकी ९० बाधित पकडते खरी, पण तिची विशिष्टता ९६.५ टक्क्यांच्या आसपास आहे. त्याच ९,९०० निरोगी गाईंपैकी ती साडेतीनशेच्या आसपास अडकवील. म्हणून ती सरसकट वापरत नाहीत. रोग सिद्ध झालेल्या कळपातच वापरतात, आणि तिथे ती वापरलीच पाहिजे.

कारण खरी चिंता त्या उरलेल्या २० गाईंची आहे. चाचणीने ज्यांना निर्दोष म्हणून सोडलं, त्या दावणीला तशाच राहतात, गव्हाणीवर शेजारच्या गाईला नाक लावतात, बाजारात विकल्या जाऊन दुसऱ्या कळपात जातात. नुकती लागण झालेल्या, नुकत्याच व्यायलेल्या किंवा रोग फार पुढे गेलेल्या गाईची कातडी सुजतच नाही असं घडतं, आणि शेवटच्या प्रकारातली गाय सर्वांत जास्त जंतू पसरवते. कळपात पाच बाधित असतील तर पाचही निसटण्याची शक्यता नगण्य; एकच असेल तर पाचात एक. म्हणूनच बाधित कळपाला ६०-६० दिवसांनी दोन चाचण्यांत स्वच्छ निघावं लागतं, आणि तेव्हा फरकाची मर्यादा ४ वरून २ मिलिमीटरवर आणतात. २०१८ साली इंग्लंडच्या क्षयनिर्मूलन धोरणाचा आढावा घेणाऱ्या चार्ल्स गॉडफ्रे यांच्या समितीनेही जास्त संवेदनशील चाचण्यांकडे वळण्याचा विचार मांडला होता. हाच जंतू बाळगणाऱ्या रानातल्या बिज्जूंमुळे ब्रिटनचं काम अवघड झालं हे मान्य. पण ऑस्ट्रेलियाने १९७० मध्ये मोहीम सुरू करून १९९७ च्या अखेरीस देश रोगमुक्त जाहीर केला, तो शेपटीच्या मुळाशी टोचायच्या याच जातीच्या ट्युबरक्युलिन चाचणीवर आणि कत्तलखान्यातून मूळ कळपापर्यंत घेतलेल्या मागावर.

मग हाच मार्ग आपल्याकडे उचलावा का? २०१८ च्या एका संकलित अभ्यासाने भारतातल्या गाई-म्हशींत या क्षयाचं प्रमाण ७.३ टक्के, म्हणजे सुमारे २ कोटी १८ लाख जनावरं, असं अंदाजलं. एवढ्या प्रमाणात खोट्या रिअॅक्टरांची धास्ती बाळगण्याचं कारण उरत नाही. पण महाराष्ट्रात गाय, आणि २०१५ पासून बैलही, कत्तलीला पाठवता येत नाही. इथे निसटलेली बाधित गाय गोठ्यात राहते आणि सापडलेलीही गोठ्यातच राहते. तिला वेगळं बांधणं आणि दूध नीट उकळणं किंवा पाश्चराइझ करणं एवढंच हाती उरतं. म्हणून नवी लागण रोखण्यासाठी आपला भरवसा लसीकरणावर ठेवावा लागेल, आणि क्षयाची बीसीजी लस टोचलेलं वासरू नेहमीच्या ट्युबरक्युलिनला बाधित गाईसारखाच प्रतिसाद देऊ शकतं. त्यावर तोड म्हणजे बीसीजीच्या जंतूत मुळातच नसलेल्या प्रथिनांवर बेतलेली, लस आणि लागण यांत फरक करणारी कातडीची चाचणी. तिच्या प्रत्यक्ष गोठ्यांतल्या चाचण्या इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ पासून सुरू झाल्या. तिचा निकाल तिथल्या शेतकऱ्याइतकाच आपल्याला हवा आहे.