व्हिसा लागत नाही म्हणजे चौकशी होत नाही, असे नव्हे

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, बोर्ली पंचतन या पट्ट्यात घराघरांतील चूल आखाताच्या कमाईवर पेटते, हे नव्याने सांगण्याची गरज नाही. सुतार, वेल्डर, ड्रायव्हर, एसी मेकॅनिक, सुपारीचा किंवा मासळीचा लहान व्यापारी, प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी पासपोर्टचा विचार येतोच. परंतु ज्यांच्या नावावर पूर्वी एखादा गुन्हा लागला, शिक्षा झाली किंवा केस अजून चालू आहे, अशा बांधवांना एजंट मंडळी एक घातक सल्ला देत असतात. "व्हिसाच्या भानगडीत पडूच नकोस. जिथे व्हिसा लागत नाही तिथे जा, तिथे कोण विचारतो?" या सल्ल्याचा समाचार घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

भारतीय नागरिकाला नेपाळ आणि भूतानला जाण्यास व्हिसा लागत नाही, किंबहुना पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते. मॉरिशस व्हिसाशिवाय प्रवेश देते. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून व मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना अशी सवलत दिली. इराणनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये दिली होती, पण भारतीयांना नोकरीची खोटी आमिषे दाखवून तेथे नेले जाते व पळवून खंडणी मागितली जाते, असे प्रकार उघड झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये ती स्थगित झाली. म्हणजे या सवलती आज आहेत, उद्या असतीलच असे नाही. शिवाय व्हिसामाफी पर्यटकासाठी असते, मजुरीसाठी नव्हे. थायलंडला फिरायला म्हणून नेलेली आपल्या देशातील शेकडो मुले म्यानमारच्या सीमेवर फसवणुकीच्या धंद्यात अडकली आणि मार्च २०२५ मध्ये वायुसेनेची विमाने पाठवून सरकारला त्यांना परत आणावे लागले.

दुसरी गोष्ट अशी की, व्हिसा नसला तरी विमानतळावर दोन खिडक्या असतातच, एक आपल्या देशाची आणि एक त्यांची. त्यांचा अधिकारी कारण न सांगताही परत पाठवू शकतो. परतीचे तिकीट, हॉटेलचे बुकिंग, हातातील पैसे, सर्व पाहून तो ठरवतो. आणि आपल्या खिडकीवर कोर्टाची किंवा पोलिसांची लुकआउट नोटीस असेल तर विमान गाठण्याचा प्रश्नच उरत नाही.

तेव्हा खरा प्रश्न व्हिसाचा नसून पासपोर्टचा आहे, आणि येथे आपल्या लोकांचे अज्ञान फार मोठे आहे. एकदा शिक्षा झाली की पासपोर्ट कायमचा गेला, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ प्रमाणे, अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात दोषी ठरून दोन वर्षे किंवा त्याहून अधिक कैद झाली असेल, तरच त्या शिक्षेच्या कारणावरून पासपोर्ट नाकारता येतो. दहा वर्षांपूर्वी मारामारीत तीन महिने आत राहून आलेल्या माणसाला ही अडचण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली वंगला कस्तुरी रंगाचार्युलु यांच्या प्रकरणात, अपील प्रलंबित आहे एवढ्यावरून पासपोर्टचे नूतनीकरण अडवता येणार नाही, असे सांगितले आहे.

जास्त लोक अडकतात ते चालू केसमुळे. आणि व्यापारी बांधवांनी हे नीट ध्यानात घ्यावे की, न वटलेल्या चेकची केस ही फौजदारी केस आहे. पुष्कळजण तिला उधारीचे भांडण समजतात. मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याला दिलेला चेक परत गेला, त्याने कलम १३८ खाली फिर्याद लावली, समन्स निघाले, की तुमच्यावर फौजदारी न्यायालयात प्रकरण प्रलंबित झाले. अशी फिर्याद थेट कोर्टात होत असल्याने पोलीस ठाण्यात तिची नोंद नसेलही. म्हणून अर्जातील प्रश्नापुढे "नाही" लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. माहिती दडवली तर कलम १२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते, शिवाय पासपोर्ट जप्त. मूळ केस चेकची, पण नवा गुन्हा खोटेपणाचा! चेकची केस कोणत्याही टप्प्यावर आपसांत मिटवता येते. देणे खरेच असेल तर बोटीत बसण्याआधी ते फेडावे, हे सांगायला वकील कशाला हवा?

मिटत नसेल तर रस्ता बंद नाही. २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे, ज्या न्यायालयात केस चालू आहे त्याने परदेशी जाण्याची परवानगी दिली तर पासपोर्ट मिळतो. पण येथेच गोम आहे. न्यायालयाच्या हुकुमात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट फक्त एक वर्षाचा निघतो. आखाती देश व इतर बरेच देश निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट मागतात. म्हणजे एक वर्षाचा पासपोर्ट कामाला येतो सहा महिने, आणि दोन वर्षांच्या करारावर जाणाऱ्या कारागिराला तो जवळजवळ निरुपयोगी आहे. म्हणून मुरूड असो, श्रीवर्धन असो वा माणगाव, अर्ज करतानाच आपल्या वकिलाला बजावून सांगावे की, पासपोर्ट किती वर्षांसाठी द्यावा हे हुकुमात स्पष्ट मागा. आमच्या मते ही एक वर्षाची तरतूदच सरकारने बदलली पाहिजे. जो माणूस न्यायालयासमोर उघडपणे उभा राहून परवानगी मागतो, त्यालाच अर्धवट कागद देणे हा न्याय नव्हे.

केवळ एफआयआर नोंद आहे आणि आरोपपत्र कोर्टात गेलेले नाही, तर ती "प्रलंबित केस" धरली जात नाही, हेही जाणून असावे. पासपोर्ट नाकारला तर कारण लेखी मागावे व तीस दिवसांत अपील करावे. तोंडी "नाही" ऐकून घरी येऊ नये.

परदेशांचे मात्र आपले कायदे आहेत आणि तेथे आपला युक्तिवाद चालत नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत याच किनाऱ्यावर शेखाडीला स्फोटके उतरली आणि आपल्या भागाचे नाव देशभर झाले. त्या बॉम्बस्फोट खटल्यात शस्त्र कायद्याखाली दोषी ठरलेले अभिनेते संजय दत्त २०१६ साली शिक्षा भोगून सुटले. तरी २०२४ साली चित्रीकरणासाठी ब्रिटनने दिलेला व्हिसा नंतर रद्द केल्याचे त्यांनी स्वतः वृत्तपत्रांना सांगितले. ब्रिटनचा नियमच असा आहे की, बारा महिने किंवा अधिक कैदेची शिक्षा झालेल्याला प्रवेश नाकारला जातो. एवढ्या नामवंताची ही गत, तर आपण कोणाच्या ओळखीवर विसंबायचे? कुवेतसारखे देश नोकरीच्या व्हिसासाठी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागतात, आणि आखातातून एकदा हद्दपार झालेल्याचे बोटांचे ठसे तेथे जपून ठेवलेले असतात. नाव बदलून दुसऱ्या पासपोर्टवर जाणारे तिथल्या तिथे पकडले जातात.

आमची गावोगावच्या जमातींना व आखातात स्थिरावलेल्या बांधवांना एक सूचना आहे. लग्न, दवाखाना, मदरसा यांसाठी आपण वर्गणी काढतो. तालुक्याच्या कोर्टात काम करणारा एखादा जाणता वकील महिन्यातून एक दिवस जमातखान्यात बसवला, तर पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी लोक त्याच्याकडे कागद दाखवतील. एजंट जेवढे पैसे घेतो त्याच्या पाव खर्चात हे होईल, आणि कोणाचे घर गहाण पडणार नाही.