वेग कुणासाठी?

गेल्या बैठकीत आमच्यात दोन तास वाद झाला. विषय होता कार्यालयातला जुना संगणक. त्याच्या नेटवर्कचा वेग वाढवायचा की नाही? ऐकायला किरकोळ वाटतं. मलाही वाटलं होतं. पण बोलता बोलता त्यात आमचं सगळंच काम आलं, म्हणून तो वाद तुमच्यापुढे मांडते आहे.

हा संगणक आम्ही 2014 साली घेतला, तोही वापरलेला. सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांच्या नोंदी त्यातच, अंकाची जुळणी त्यातच आणि ऑनलाइन अर्जही त्यावरूनच. जून 2024 मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. 21 ते 65 वयाच्या बायकांना महिन्याला 1500 रुपये. सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि आमच्या व्हरांड्यात रांग लागली. धुणीभांडी करणाऱ्या, वाळूजच्या कारखान्यांत कंत्राटावर जाणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायका. मोबाइलवर ओटीपी यायचा, पण आमच्या संगणकावर पुढचं पान उघडेपर्यंत त्याची मुदत संपायची. एकजण तीन दिवस आली. तिसऱ्या दिवशी शांतपणे म्हणाली, "ताई, पंधराशेपायी तीन दिवसांचा रोज बुडला माझा."

त्या वाक्यानं आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "मॅडम, शंभरचं कार्ड आहे, हजारचं टाका, पळायला लागेल." कार्ड हजार रुपयांच्या आसपासचं. पावती फाडायची तेवढी बाकी होती. पण आमच्यातली एक तरुण कार्यकर्ती म्हणाली, "आधी मोजून तर बघू."

मोजणं अवघड नव्हतं. आपल्या शहरातल्या बाईला ते समजावूनही सांगावं लागत नाही, कारण पाण्यानं ते तिला कधीच शिकवलं आहे. जायकवाडीहून शहरासाठी आखलेली जलवाहिनी 2500 मिलिमीटर व्यासाची. ती कितीही भरून वाहिली, तरी तुमच्या घरात येणारी नळी अर्ध्या इंचाची असेल, तर हंडा अर्ध्या इंचाच्याच धारेनं भरणार. इंटरनेटचंही तेच. आमची जोडणी सेकंदाला 40 मेगाबिटची. संगणकातलं कार्ड 100 मेगाबिट घेऊ शकतं. म्हणजे कार्ड आधीच जोडणीपेक्षा मोठं! ते हजारचं केलं, तरी येणार चाळीसच. मग अडत कुठे होतं? संगणकाच्या पोटात. मेमरी अवघी 2 जीबी आणि हार्ड डिस्क म्हातारी. पाणी दारापर्यंत येत होतं, आत भरून घेणारी मात्र एकटी आणि थकलेली होती.

इथे विषय संपायला हवा होता. पण नोंदी सांभाळणाऱ्या ताईंनी दुसरी बाजू मांडली. आमच्याकडे बायकांचे जबाब, कागदांच्या प्रतिमा, ध्वनिमुद्रणं मिळून 300 जीबी साठा आहे. तो दुसऱ्या संगणकावर उतरवायचा, तर हे कार्ड आडवं येतं. 100 मेगाबिट म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट, कारण आठ बिटांचा एक बाइट. त्या हिशोबानं सगळं उतरवायला सात तास. नवं कार्ड असेल तर जुनी डिस्क धरूनही तास-सव्वा तास. "रात्री सात तास थांबणार कोण?" त्या म्हणाल्या. खरंच कुणी थांबलं नव्हतं. शेवटची प्रत अकरा आठवड्यांपूर्वीची निघाली.

मैत्रिणींनो, माझ्या पोटात गोळा आला. पोटगीच्या दाव्यात बाईच्या हाती पुष्कळदा एवढंच असतं, की तिनं त्या वेळी कुणाला तरी सांगितलं आणि कुणीतरी ते लिहून ठेवलं. ते लिहिलेलं आम्ही एका कुरकुरणाऱ्या डिस्कच्या भरवशावर ठेवलं होतं. तिथे दोष कार्डाचा नव्हता, आमचा होता. रोज सगळं उतरवायची गरजच नसते. जे बदललं तेवढंच उतरवलं, तर जुन्या कार्डावरही दोन-चार मिनिटांत होतं. वेग कमी नव्हता, नेम चुकला होता.

आणखी एक गोष्ट पुढे आली. त्या संगणकावर विंडोज 10 आहे. 14 ऑक्टोबर 2025 पासून तिच्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या. बलात्कार सोसलेल्या बाईची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 प्रमाणे गुन्हा आहे. नवरा शोधत असलेल्या बाईचा पत्ता फुटला, तर कलमांच्याही आधी तिच्या जिवावर बेततं. अशा नोंदींचा संगणक आम्ही दिवसभर इंटरनेटला लावून ठेवत होतो आणि वर त्याचा वेग वाढवायला निघालो होतो!

म्हणून ठरलं ते असं. जुन्या संगणकाची इंटरनेटची केबल काढली. तो आता फक्त नोंदींचा. रोज संध्याकाळी बदललेलं तेवढं बाहेरच्या डिस्कवर उतरवायचं. डिस्का दोन, दोन्हींना संकेतशब्द. एक कपाटात कुलपात, दुसरी कार्यालयाबाहेर आणि दर महिन्याला अदलाबदल. पाळी कुणाची, हे भिंतीवर लिहिलं आहे. माझंही नाव त्यात आहे.

पण काटकसर हेच तत्त्व, असं मात्र मानू नका. त्याच तरुण कार्यकर्तीनं मला सुनावलं, "ताई, बायकांच्या कामाला नेहमी दुसऱ्यांनी टाकलेलंच का?" ती बरोबर होती. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 57 टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं दिसलं. बायका होत्या 33 टक्के. उरलेल्या बायकांपैकी किती जणींना इंटरनेट पहिल्यांदा दिसतं ते आमच्यासारख्या टेबलाशी. तिथे त्यांना ताटकळत ठेवायचा आम्हाला काय अधिकार? अर्जांसाठी वेगळा, चांगला लॅपटॉप घेतला. पैसे कमी पडले, वर्गणी काढली. जोडणीही 40 ची 100 केली.

जिथे बाई रोज बुडवून बसलेली असते, तिथे वेग हवा. जिथे तिचं गुपित ठेवलेलं असतं, तिथे कुलूप हवं. हे दोन्ही एकाच डब्यात भरून आम्ही दुकानदाराला विचारत होतो, कुठलं कार्ड टाकू?

तुमच्या मंडळात, बचत गटात, केंद्रात असा एखादा जुना संगणक असेलच. वेगाची चौकशी करण्याआधी एवढं विचारा: त्यात काय आहे, ते कुणाचं आहे आणि त्याची शेवटची प्रत कधी काढली? उत्तर आम्हाला कळवा. आमच्यासारखं लाजिरवाणं असलं, तरी कळवा.