घरातील यंत्रे : दिंडीदरवाजाची कडी

आमचा इंदूरचा नातू आणि वडोदऱ्याची नात दर रविवारी ‘माइनक्राफ्ट’ या खेळात मिळून एक गाव वसवितात. दोघांच्याही शाळा इंग्रजी. तेवढा तासभर मात्र भांडणसुद्धा मराठीत चालते, म्हणून आम्हां वडीलधाऱ्यांनाही त्या गावाविषयी ममत्व. परंतु इंटरनेटची जोडणी बदलली आणि नातीला त्यात प्रवेशच मिळेना. तीन रविवार सुने गेले.

नातवाने राउटरमध्ये २५५६५ क्रमांकाचे पोर्ट उघडले होते. या खेळाच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर एरवी याच क्रमांकावर हाक ऐकतो, तेव्हा त्याचे चुकले नव्हते. तथापि संगणकाचा घरातील पत्ता राउटर मधूनमधून बदलू शकतो. मग पाहुणा रिकाम्या खोलीवर थापा मारीत बसतो. यास्तव तो पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवला. तरीही गुण येईना.

वस्तुतः आरंभीच पाहावयाचे ते आम्ही शेवटी पाहिले : राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता. तो १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली सेवादात्यांच्या सामाईक वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. जुन्या पद्धतीचे पत्ते सारे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते पुरेनात, म्हणून अनेक घरांत एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात. वाड्याचा दिंडीदरवाजा सेवादात्याच्या हाती असताना आपण आपल्या खोलीची कडी काढून काय होणार? (तेथे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसल्यास बहुधा एकामागे एक असे दोन राउटर लागलेले असतात. त्यांपैकी एकास ‘ब्रिज’ करावे.)

स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागितला, तर दरमहा निराळे पैसे सांगितले. ते मला पटेनात. तेव्हा नातीकडे चौकशी केली. तिच्या राउटरमधील पत्ता आणि संकेतस्थळावर दिसणारा तिचा पत्ता एकच निघाला. सर्व्हरच तिच्याकडे हलविला, गावाची प्रत तिला पाठविली, पोर्ट तिकडे उघडले आणि प्रवेशाच्या यादीत केवळ दोन नावे ठेवली. कोणी ‘डीएमझेड’ चालू करण्यास सुचवील. ते करू नये, त्याने संगणक सगळाच उघड्यावर पडतो.

गाव आता वडोदऱ्यास नांदते आहे. जेवणाची हाक आली की ती सर्व्हर बंद करते, ही नातवाची नवी तक्रार.