जलरंगातील जलदुर्ग

विजयदुर्गाच्या पाडावाचे एक परिचित चित्र डॉमिनिक सेरेस या चित्रकाराने १७७१ मध्ये तैलरंगांत रंगविले. ते इंग्लंडमधील ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात आहे. त्यातील दृष्टी समुद्रावरची, म्हणजेच हल्लेखोरांच्या जहाजांची आहे. आंग्र्यांना ‘चाचे’ ठरविणाऱ्यांनीच त्यांच्या दुर्गाचे चित्रही जगापुढे ठेवले.

याच विजयदुर्गाच्या तटावर बसून एखादा चित्रकार मूळ जलरंगचित्र काढतो, तेव्हा दृष्टीची दिशा पालटते. जांभ्या दगडाचा ओला तांबूस रंग, तिहेरी तटबंदी, वाघोटन खाडीचे गढूळ पाणी आणि पलीकडची किनार हे सारे रक्षणकर्त्याच्या जागेवरून दिसू लागते. जलरंग या भूमीला परका नाही. ‘दिव्याचा प्रकाश’ जलरंगात पकडणारे सा. ल. हळदणकर सावंतवाडीचेच.

जलरंगाचा एक कठोर नियम आहे. तैलरंगात थरावर थर चढवून चूक झाकता येते. जलरंगात कागदाचा शुभ्रपणा हाच प्रकाश. तो एकदा गमावला की परत मिळत नाही. इतिहासाकडेही याच प्रामाणिकपणे पाहावयास हवे. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनच्या तोफा समुद्रावरून आग ओकत होत्या, तेव्हा जमिनीवर पेशव्यांची फौज इंग्रजांची सहकारी होती. तुळाजी आंग्रे पेशव्यांचे वर्चस्व मानीत नव्हता, हे खरे. परंतु घरचा कलह मिटविण्यासाठी परक्याचे आरमार बोलाविले गेले आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून खाक झाले. तोच वॉटसन आणि तोच क्लाइव्ह पुढच्याच वर्षी बंगालमध्ये उभे ठाकले. छत्रपती शिवरायांनी परकीयांना रोखण्यासाठी उभारलेल्या सागरी सामर्थ्याच्या वारशावर हा घाव स्वकीयांच्या संमतीने पडला. हा डाग झाकून काढलेले चित्र आकर्षक दिसेल, पण ते खरे नसेल.

जुलै २०२५ मध्ये विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी यांच्यासह बारा दुर्गांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु २०२० च्या पावसाळ्यात याच विजयदुर्गाच्या तटबंदीचा काही भाग ढासळला होता, याचा विसर पडता कामा नये. लाटांना मानपत्र वाचता येत नाही.

म्हणूनच कोकणातील शाळांनी विद्यार्थ्यांना सहलीला नेताना हाती रंगपेटी द्यावी. एका बुरुजासमोर दोन तास बसून त्याचा चिरा न् चिरा न्याहाळणारा विद्यार्थी त्या दगडावर आपले नाव कोरणार नाही. अशी निवडक मूळ चित्रे मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत अडकून न पडता देवगड-मालवणातच जतन व्हावीत. ज्या समाजाला आपला दुर्ग आपल्या डोळ्यांनी पाहता येतो, तोच त्याच्या रक्षणासाठी जागा राहतो. आणि घरच्या भांडणात परक्याला बोलावण्यापूर्वी दहादा विचार करतो.