हरवलेला अंधार

व्हिडिओ गेम म्हणजे नुसती मारामारी, असे म्हणणाऱ्यांनी 'स्प्लिंटर सेल' मालिकेतला २००२ सालचा पहिला खेळ पाहावा. त्यातला अमेरिकन हेर सॅम फिशर हा सावलीतला माणूस. आपण कितपत दिसतो हे दाखवणारी पट्टी पडद्यावर असे आणि सारा जीव तिच्यात अडकलेला! दिवा फोडावा, पहारेकरी पाठ फिरवीपर्यंत थांबावे, बेशुद्ध केलेल्याला उचलून अंधारात दडवावे. २००५ च्या 'केऑस थिअरी'त आपल्या आवाजाचेही मोजमाप आले. एकेका खोलीत माझा अर्धा तास जाई. (वसतिगृहात त्यापायी बोलणीही खाल्ली.)

२०१० च्या 'कन्व्हिक्शन'ने ती पट्टी काढली, देह लपवणेही काढले. एकाला हातांनी लोळवा, इतरांवर खुणा करा, कळ दाबा; सगळे आडवे! घाईच्या लोकांना ते रुचले असेल. पण थांबण्यातली भीती गेली, मग उरले काय? २०१३ च्या 'ब्लॅकलिस्ट'ने चोरपावलांना पुन्हा थोडा मान दिला, हे कबूल. मात्र खुणांची ती सोय तशीच राहिली आणि मायकेल आयर्नसाइडचा खर्जातला आवाज तेवढा गेला.

मी अजून 'केऑस थिअरी'च लावतो. खोलीतला दिवा मालवून.