बारभाईंची जीप

संयुक्त कुटुंबांतील वस्तूंचे दोन वर्ग पडतात. देवघरांतील समई, माजघरांतील घड्याळ, परसांतील विहीर यांची निगा कोणी राखावयाची, हें कोणी न सांगतां ठरून गेलेलें असतें. दुसरा वर्ग म्हणजे ज्या वस्तु सर्वांच्या, आणि म्हणूनच कोणाच्याहि नव्हेत. घरची जुनी जीप या दुसऱ्या वर्गांत अग्रमानानें बसते. थोरले बंधु तिच्यांतून आखाड्यावर जातात, धाकटे मोंढ्यावर जातात, पुतणेमंडळी सुटींत येलदरीचें धरण पाहावयास जाते. आणि रात्रींबेरात्रीं दुखणाइतास परभणीस न्यावयाची वेळ आली कीं, पुन्हां तीच जीप. चालविणारे चार, आणि तेलाची पातळी पाहणारा एकहि नाहीं! बारभाईंची शेती ज्या रीतीनें बुडते, त्याच रीतीनें हें एंजिन बिघडतें. आणि दोष मात्र त्याच्या वयावर लादला जातो.

आमचें म्हणणें असें आहे कीं, जुनें एंजिन केवळ वयानें क्वचित् मरतें. तें धुळीनें मरतें, उष्णतेनें मरतें, आणि बहुधा घरांतील माणसांच्या घाईनें मरतें. मरण्यापूर्वीं तें पुष्कळ दिवस तक्रार करीत असतें. परंतु त्या तक्रारीचा एक शब्द थोरल्यांच्या कानीं पडतो, दुसरा धाकट्यांच्या, तिसरा पुतण्याच्या. चौघांचें ऐकणें एकत्र केलें असतें, तर रोग महिनाभर आधींच कळला असता.

प्रथम या यंत्राचा स्वभाव समजून घेऊं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, अमेरिकन सैन्यासाठीं विलिस आणि फोर्ड या कारखान्यांनीं जीप बांधली. युद्ध संपतांच १९४५ सालीं जगदीशचंद्र महिंद्रा, कैलासचंद्र महिंद्रा आणि मलिक गुलाम महंमद यांनीं आपली व्यापारी संस्था काढली. फाळणीनंतर महंमद पाकिस्तानांत जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ सालीं संस्थेनें 'महिंद्रा आणि महिंद्रा' हें नांव घेतलें. विलिसच्या जीपची जोडणी मुंबईंत सुरू झाली ती याच सुमारास. परभणी जिल्ह्यांतील निजामी अंमलहि १९४८ च्याच सप्टेंबरांत संपला. आणि पुढें जेथें पक्की सडक नव्हती, तेथें काळ्या रानांतून वाट काढावयास हीच गाडी उपयोगी पडली.

तिचें मूळचें पेट्रोल एंजिन चार सिलिंडरांचें आणि सुमारें २.२ लिटर मापाचें. युद्धकाळीं त्याची शक्ति अवघी ६० अश्वशक्ति होती. आजच्या लहानशा मोटारींतहि याहून अधिक शक्ति असते. पण याच संथपणांत त्याच्या दीर्घायुष्याचें रहस्य आहे. आंतला दाब कमी, लोखंड भक्कम, आणि बहुतेक भाग साध्या पान्यानें सुटणारे. अशा यंत्राची दुरुस्ती घरीं शिकतां येते. पन्नास रुपयांच्या रबरी नळीसाठीं गाडी भंगारांत जाण्याचें कारण नाहीं.

आतां परभणीकडील तिचे शत्रु पाहूं. पहिला शत्रु धूळ. आपली काळी जमीन पावसाळ्यांत चाकाला चिकटते, आणि चैत्र-वैशाखांत तिचाच पिठासारखा बारीक धुराळा होतो. हा धुराळा एंजिनांत शिरून तेलांत मिसळला म्हणजे पाट्यावर वाटण चालावें तसा प्रकार सुरू होतो. भेद इतकाच कीं, येथें वाटला जातो तो पाटाच! सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात, आणि मग एंजिन तेल पिऊं लागतें. जुन्या जीपमध्यें हवा गाळण्यासाठीं तेलाची वाटी असते. आंत येणारी हवा तेलावरून एकदम वळते, आणि जड धूळ न वळतां तेलांत पडते. ही वाटी गाळानें भरली कीं गाळणें थांबलें असेंच समजावें. कोरड्या दिवसांत आखाड्यावर रोज खेप होत असेल, तर ती आठवड्यांतून एकदां तरी उघडून पाहावी, घासलेटानें धुवावी, आणि खुणेच्या रेघेपर्यंतच तेल भरावें. रेघेच्या वर भरलेलें तेल एंजिन ओढून घेतें, आणि मग नसत्याच रोगाचा धूर दिसूं लागतो.

दुसरा शत्रु उष्णता. वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर असतां एंजिन तापणें नवलाचें नाहीं. पण तें उकळूं लागलें तर कारण शोधिलेंच पाहिजे. शोध स्वस्त गोष्टीकडून महाग गोष्टीकडे न्यावा. प्रथम पाण्याची पातळी पाहावी. मग पंख्याचा पट्टा सैल आहे काय तें पाहावें. मग रेडिएटरच्या पात्यांत चिखल, कापसाचे तंतु वा किडे अडकले आहेत काय तें. हीं पातीं एंजिनाच्या बाजूनें बाहेर पाणी मारून धुवावींत. समोरून मारलेलें पाणी घाण आणखी आंत ढकलतें. यानंतर थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप. बोअरचें जड पाणी रेडिएटरांत घालूं नये. बंबांत अथवा हल्लींच्या गीझरांत जो पांढरा थर बसतो, तोच एंजिनाच्या पोटांत बसतो, आणि तो खरवडावयास तेथें हात पोंचत नाहीं. कूलंट घालावें, अडीअडचणीस स्वच्छ गाळलेलें पावसाचें पाणी चालेल. आणि एक गोष्ट मुलाबाळांसहि पाठ असावी : तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये, व तापलेल्या एंजिनांत थंड पाणी ओतूं नये. पहिल्यानें हात भाजतो, दुसऱ्यानें लोखंडाला तडा जातो.

तिसरा शत्रु नवा आहे. २०२५ सालीं आपल्या देशांत पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गांठलें गेलें. उसाच्या शेतकऱ्यास त्यांत लाभ आहे. परंतु जुन्या जीपच्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा या मिश्रणासाठीं केलेले नाहींत. ते फुगतात, मऊ पडतात, आणि त्यांचे कण कार्ब्युरेटरांत अडकतात. शिवाय इथेनॉल हवेंतील ओल ओढून घेतो. गाडी महिना महिना उभी असेल, तर टांकींत पाणी व गंज जमतो. उपाय महाग नाहीं : इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या व पडदा एकदां बसवून घ्यावा, आणि आठवड्यांतून एकदां तरी गाडी पांच-सात मैल फिरवावी.

इतकें करूनहि गाडी अडलीच, तर काय करावें? येथें घाईचा प्रश्न येतो. एक नेहमींचें उदाहरण घेऊं. भर दुपारीं गाडी धांवतां धांवतां बंद पडते, आणि तासाभरानें निवल्यावर निमूटपणें सुरू होते. थोरले म्हणतात, पेट्रोलांत कचरा आहे. धाकटे म्हणतात, कॉइल गेली. पुतण्या म्हणतो, पंप बदला. मग कोणाचेंच मन मोडूं नये म्हणून कार्ब्युरेटर, कॉइल व पंप हीं तिन्ही बदललीं जातात. गाडी चालूं लागते खरी, पण रोग कोणता होता तें कोणासच कळत नाहीं. आणि पुढल्या वैशाखांत तीच कथा पुन्हां घडते.

वास्तविक येथें संशयित दोनच. एक तर एंजिनाच्या उष्णतेनें नळींतलें पेट्रोल उकळून त्याची वाफ झाली, आणि पंपास वाफ ओढवेना. नाहीं तर कॉइल किंवा कंडेन्सर तापून ठिणगी मेली. दोघांचा निवाडा गाडी बंद पडते त्याच क्षणीं होतो, निवल्यावर होत नाहीं. डिस्ट्रिब्यूटरच्या मधली जाड तार काढून, रबरी मुठीच्या पकडीनें तिचें टोंक एंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर धरावें, आणि दुसऱ्यानें स्टार्टर फिरवावा. सांडलेलें पेट्रोल जवळपास नाहीं, हें मात्र आधीं पाहून घ्यावें. निळी, जोरकस ठिणगी पडली तर विजेचा मार्ग निर्दोष. मग पंपावर व नळीवर ओलें फडकें ठेवावें, आणि दहा मिनिटांत गाडी सुरू झाली तर दोषी वाफच. नळी धुराच्या पाइपापासून दूर नेली कीं काम झालें. ठिणगी पिवळी, दुबळी असली वा मुळींच नसली, तर पॉइंट, कंडेन्सर व कॉइल हीं एकामागून एक तपासावींत. पॉइंटमधील अंतर ०.०२० इंच आणि प्लगमधील ०.०३० इंच असावें. पांच मिनिटांत तें फीलरनें मोजतां येतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा नियम सोन्याच्या मोलाचा आहे.

डिझेल एंजिनाच्या जीपमध्यें ठिणगी नसतेच. तेथें टांकी एकदां पुरी रिकामी झाली तर नळींत हवा शिरते, आणि ती काढल्याखेरीज कितीहि स्टार्टर मारला तरी बॅटरी तेवढी उतरते. शिवाय फिल्टरच्या तळाशीं सांठलेलें पाणी वरचेवर काढून टाकावें.

एंजिनाची भाषा ओळखण्यासाठीं धुराचा रंग हें पहिलें अक्षर. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. पेट्रोल गाडीचा काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक किंवा हवा कमी, म्हणून प्रथम हवेची गाळणी पाहावी. तापल्यावरहि न थांबणारा पांढरा धूर म्हणजे सिलिंडरांत पाणी उतरत आहे. त्यासोबत तेल दुधाळ दिसलें, तर गाडी तेथेंच उभी करावी. दुसरें अक्षर आवाजाचें. टॅपेट थोडे वाजतात म्हणून ते आवळून मुके करण्याची हौस कित्येकांस असते. ती घातक आहे. अंतर उरलें नाहीं तर व्हॉल्व्ह पुरा मिटत नाहीं, आणि जळून जातो. किंचित् वाजणारा टॅपेट बरा, मुका नव्हे.

हीं अक्षरें जुळवून वाक्य करावयाचें तर एक वही हवी, हेंच आमचें मुख्य सांगणें. शंभर पानांची साधी वही आणि दोरीनें बांधलेली पेन्सिल जीपमध्यें ठेवावी. जो गाडी आणील त्यानें तारीख, मैल, भरलेलें पेट्रोल, घातलेलें तेल व पाणी, आणि कांहीं वेगळें ऐकलें वा पाहिलें असेल तें एका ओळींत लिहावें. सोमवारीं थोरल्यांनीं पाव लिटर तेल घातलें, गुरुवारीं धाकट्यांनीं पाव लिटर, रविवारीं पुतण्यानें पुन्हां पाव; प्रत्येकास तें क्षुल्लक वाटतें. वहींत मात्र आठवड्यास पाऊण लिटर तेल जातें असें दिसतें, आणि झिजलेल्या रिंगा अथवा गळकें सील तेथेंच उघडें पडतें. वहीचें काम घरांतील एकाकडे असावें, आणि तो एक मुलगाच असला पाहिजे असें मुळींच नाहीं. ज्या सुना-मुली दुधाचा हिशेब थेंबा-थेंबानें ठेवतात, त्यांच्या हातीं ही वही दिल्यास ती सर्वांत चोख राहील असा आमचा भरंवसा आहे. अडलेल्या रात्रीं गाडीशीं कदाचित् त्याच असतील.

हीच वही शेवटच्या निर्णयासहि उपयोगी पडते. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, आणि त्यानंतर दर ५ वर्षांनीं तपासणी होऊन नूतनीकरण करावें लागतें. प्रत्येक नूतनीकरणाच्या आधीं घरांत वाद उभा राहतो : ठेवावी कीं काढावी? एकजण वडिलांची आठवण म्हणतो, दुसरा खर्चाचें ओझें म्हणतो. अशा वेळीं वही मधें ठेवावी. चारहि सिलिंडरांचा दाब जवळजवळ समान असेल, तेल बेताचें जात असेल, आणि गेल्या वर्षांतील खर्च नळ्या, पट्टे व प्लग यांवरच झाला असेल, तर ती गाडी म्हातारी असली तरी निरोगी आहे. तिला काढणें हा अविचार होय. ब्लॉकला तडा असेल, दुरुस्तीमागून दुरुस्ती त्याच ठिकाणीं होत असेल, आणि दुखणाइताला घेऊन निघतांना ती पोंचेल कीं नाहीं ही धास्ती मनांत असेल, तर वडिलांच्या आठवणीसाठीं घरच्या माणसाचा जीव टांगणीस लावूं नये. आठवण भिंतीवरच्या तसबिरींतहि राहते.

वैशाखापूर्वीं पुरेसे दिवस आहेत. या महिन्यांत हवेच्या गाळणीची वाटी उघडावी, पट्टा पाहावा, नळ्या हातानें दाबून पाहाव्या. आणि वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख व मीटरचा आंकडा लिहावा.